पहिल्या प्लेस्टेशनमधील मॉडचिप

सोनीचे पहिले प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीला आले. त्याचे गेम सीडीवर असत आणि सीडीची नक्कल घरच्या संगणकावरही होऊ शकते, म्हणून सोनीने कुलूप चकतीच्या अंगातच घातले. चकतीच्या सुरुवातीच्या पट्ट्यात सर्पिल रेषेला ठरावीक हेलकावे दिलेले असतात. त्यांतून चार अक्षरे वाचली जातात: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. कोऱ्या सीडीची खोबण कारखान्यातच ठरून गेलेली असल्याने घरच्या रायटरला हे हेलकावे उमटवता येत नाहीत. चकतीच्या काळ्या रंगाचा या संरक्षणाशी संबंध आहे, हा गैरसमज मात्र अजून टिकून आहे.

यंत्र सुरू झाले की सीडीचा कारभार पाहणारा नियंत्रक ही अक्षरे शोधतो. ती सापडली नाहीत, किंवा दुसऱ्याच प्रदेशाची निघाली, तर गेम चालत नाही. त्यामुळे चोरीची नक्कल जशी अडते, तशीच पैसे मोजून घेतलेली अस्सल जपानी चकतीही अमेरिकी यंत्रात अडते. एकाच कुलपात असे दोन हेतू गुंतवले गेले, आणि हे कुलूप चुकवण्यासाठी यंत्रात बसवल्या जाणाऱ्या मॉडचिपवरचे बहुतेक वाद या गुंत्यातून निघाले.

मॉडचिपचे काम तसे लहान आहे. चकतीकडून येणारा संकेत दाबून ती स्वतःच ही अक्षरे पाठवते. पीआयसी १२सी५०८ हा आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर यासाठी सर्रास वापरला गेला. त्यात ५१२ सूचनांची जागा आणि अवघी २५ बाइट रॅम असते. तेवढे पुरते, कारण अक्षरे सेकंदाला २५० बिट इतक्या संथ गतीने जातात. एका बिटाला ४ मिलिसेकंद मिळतात.

चिप बसवण्याआधी बोर्डावरचा क्रमांक वाचावा लागतो. पीयू-८, पीयू-१८, पीयू-२२ अशा प्रत्येक आवृत्तीत जोडणीचे बिंदू निराळे आहेत, आणि पीयू-२२ पासून संकेत दाबण्याची रीतही बदलली. नुसत्या बाहेरच्या मॉडेल क्रमांकावर विसंबणे धोक्याचे. पॉवर सप्लायचा बोर्ड त्याच पेटीत उघडा असतो; प्लग काढून काही वेळ थांबल्याशिवाय आत हात घालू नये. साध्या चिपला मुख्यतः चार तारा लागतात: वीजपुरवठा, ग्राउंड, अक्षरांची वाट आणि मूळ संकेत दाबणारी वाट. बिंदूवर फ्लक्स लावून, केसाएवढ्या बारीक तारेच्या टोकावर आधीच कथिल चढवून, सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवायचे. जास्त वेळ धरले तर बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते, आणि ती दुरुस्त करणे चिप बसवण्यापेक्षा कितीतरी किचकट असते. शेवटी शेजारच्या पायांत शॉर्ट नाही ना, हे मल्टिमीटरने तपासायचे. सुरुवातीच्या यंत्रांत लेझरची प्लॅस्टिकची सरकपट्टी झिजून गेम अडखळतात. तो दोष चिपने जात नाही, म्हणून आधी लेझर पाहावा. तसेच युरोपीय यंत्रात अमेरिकी चकती चालू लागली, तरी साध्या व्हिडिओ केबलवर चित्र बहुधा कृष्णधवल दिसते, कारण रंगसंकेताची वारंवारता जुळत नाही.

पहिल्या चिपा अक्षरे अखंड पाठवत राहत. गेम बनवणाऱ्यांनी हे हेरले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही गेम, जिथे अक्षरे येऊच नयेत अशा वेळी ती येतात का, हे तपासू लागले. आली तर यंत्रात फेरफार झाल्याची सूचना देऊन थांबू लागले. अस्सल चकती घालणाराही यात सापडे. उत्तर म्हणून ‘स्टेल्थ’ चिपा आल्या: तपासणीपुरती अक्षरे पाठवून त्या गप्प बसतात. आज चिप बसवायचीच असेल, तर याच प्रकारची बसवावी.

मॉडचिप कायदेशीर आहे का, या प्रश्नाची उत्तरे कायद्याने निरनिराळी दिली. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्टीव्हन्स खटल्यात सोनीच्या विरोधात निकाल दिला: हे कुलूप नक्कल करणे रोखत नाही, नक्कल चालवणे रोखते, म्हणून तेव्हाच्या कायद्याचे संरक्षण त्याला नाही. पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण मोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.