माहुलीचे सुळके आणि नानाचा अंगठा: समज आणि वस्तुस्थिती

आसनगावला लोकलमधून उतरलं की माहुलीचे सुळके नजरेत भरतात. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींची आठवण व्हावी अशीच ही रांग आहे. फक्त इमारत पायापासून वर चढवतात, सुळक्यांचं तसं नाही. लाव्हा उसळला आणि जागीच गोठला, म्हणून सुळके झाले, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि सपाट पसरत गेला. थरावर थर चढले. पुढे पावसाने आणि नद्यांनी ते कापून काढले, उभ्या चिरांत पाणी मुरून कडे ढासळले. जे टिकलं, ते आज आपल्याला दिसतं. माळशेजच्या कड्यांवर हे थर आडव्या पट्ट्यांसारखे स्पष्ट दिसतात. पावसाळ्यानंतर मधल्या टप्प्यांवर गवत असतं तेव्हा तर सहज मोजता येतात.

टोकदार दिसतो तोच डोंगर सर्वांत उंच, हाही असाच एक समज. माहुली समुद्रसपाटीपासून साधारण ८५८ मीटर. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग छतापर्यंत ३८१ मीटर, म्हणजे तशा दोन एकावर एक ठेवल्या तरी माहुली वरचढच. पण शहापूर तालुक्यातच, डेहणे गावामागे उभा असलेला आजोबा डोंगर १,३०० मीटरच्याही वर जातो. त्याचा माथा रुंद, म्हणून लांबून त्याची उंची जाणवत नाही. मुरबाडचा गोरखगड याउलट: देखणा, निमुळता, पण माहुलीहूनही ठेंगणा.

सगळ्यात मोठी फसगत नाणेघाटात होते. वैशाखरे गावाच्या बाजूने 'नानाचा अंगठा' एकटा सुळका वाटतो. घाट चढून वर गेलात, तर गवताळ उतारावरून चालत थेट त्याच्या टोकावर पोचता येतं. तो सुळका नाहीच; पठाराची कड आहे. आणि हा नाना म्हणजे नाना फडणवीस असं कुणी सांगितलं, तर खुशाल खोडून काढा. घाटातल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख जवळपास दोन हजार वर्षांचा आहे. ही वाट पेशवाईच्या कितीतरी आधीची.

डोंगर आता स्थिरावलेत, हेही खरं नाही. कडे अजून झिजतात, माळशेजमध्ये पावसाळ्यात दरडी कोसळतात. तेव्हा पावसात कड्याखाली गाडी लावून फोटो काढू नका. वैशाखऱ्याच्या आसपास थांबा. उघडीप असेल तर तिथून सगळी रांग दिसते.