जळलेल्या जंगलाचा खर्च कोण भरतो?

दुकान किंवा गोदाम जळाले तर पुढे काय करायचे, हे आपल्या बाजारात सर्वांना माहीत आहे. पंचनामा होतो, विमा असेल तर दावा लागतो, नसेल तर माल देणारे व्यापारी थोडी मुदत देतात आणि वर्ष-दोन वर्षांत शटर पुन्हा वर जाते. पण जंगल जळाले तर? त्याचा मालक सरकार, विम्याचा प्रश्नच नाही, आणि जळलेल्या झाडाच्या जागी तेवढे झाड उभे राहायला माणसाचे अख्खे आयुष्य जाते. हा पैसा येतो कुठून? येथे अमेरिकेचे उदाहरण घेतले आहे. तेथे हा हिशोब जवळजवळ शंभर वर्षे कायद्याने चालत आला आहे, आणि त्यातला मोठा भाग चक्क आयातशुल्कातून येतो. व्यापारी बांधवांना तो चटकन समजेल.

अमेरिकेत केंद्र सरकारची राष्ट्रीय वने सुमारे १९ कोटी ३० लाख एकर आहेत. ती कृषी खात्याची फॉरेस्ट सर्व्हिस सांभाळते. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातला ‘डिक्सी’ नावाचा एकच वणवा ९ लाख ६३ हजार एकरांवर फिरला.

जळले तेवढे सगळे पुन्हा लावावे लागते असे मात्र नाही. १९८८ मध्ये यलोस्टोन उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या कक्षेत आला होता. तेथे मोठी लागवड न करताही जंगल परतले, कारण तेथल्या लॉजपोल पाइनची बरीचशी बोंडे आगीच्या उष्णतेनेच उघडतात आणि बी जमिनीवर पडते. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच जातींचे तसे नाही. त्यांचे बी जिवंत झाडावरून पडते आणि शे-दोनशे मीटरपलीकडे फारसे जात नाही. मैलभर पट्ट्यात एकही झाड वाचले नसेल तर बी येणार कुठून? मग झुडपे माजतात, ती पुन्हा जळतात, आणि जंगलाची जागा कायमची जाते. म्हणून लागवड वेळेत व्हावी लागते, आणि वेळेत व्हायची तर पैसा वेळेत हवा.

पहिला पैसा तातडीचा. आग पूर्ण विझण्याआधीच जाणकारांचे पथक जळलेला भाग पाहते. उतारावर गवताचा पेंढा टाकणे, रस्त्याखालच्या मोऱ्या मोठ्या करणे, अशी कामे वर्षभरात उरकतात. हेतू एवढाच की पहिल्या पावसात डोंगराची माती खालच्या वस्तीवर येऊ नये. झाडे लावणे या खात्यात बसत नाही.

लागवडीची जुनी सोय १९३० च्या नटसन-वँडेनबर्ग कायद्याने झाली. सरकारी जंगलातले लाकूड जो ठेकेदार विकत घेईल, त्याच्याकडून तोडलेली जागा पुन्हा लावण्याचा खर्च आधीच जमा करून घ्यायचा. सौदा सरळ आहे, तोडणाराच भरणार. पण आगीने तोडले तर भरणार कोण? जळके लाकूड विकता येते, परंतु कीड आणि बुरशी लागून दोन-तीन वर्षांत त्याचा भाव उतरतो. त्यात कोर्टकज्जे झाले की माल जागेवरच सडतो. शिवाय १९९० नंतर राष्ट्रीय वनांतली तोड फार घटली, तशी ही जमाही घटली.

दुसरी सोय १९८० ची. परदेशातून येणारे लाकूड, प्लायवुड वगैरे मालावरच्या आयातशुल्कातून एक वनलागवड निधी काढला गेला. कल्पना मोठी हुशारीची होती, पण त्यावर वर्षाला ३ कोटी डॉलरची मर्यादा घातली. शुल्क जास्त जमले तरी बाकी रक्कम सरकारी तिजोरीत जाई. ही मर्यादा ४१ वर्षे तशीच राहिली. एवढ्या काळात डॉलरची खरेदीशक्ती एक तृतीयांशाच्याही खाली आली. १९८० च्या भांडवलावर कोणी २०२१ मध्ये कापडाचे दुकान चालवून दाखवावे!

त्याच काळात आग विझवण्याचा खर्च बाकी सगळे गिळत होता. १९९५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या अंदाजपत्रकातला १६ टक्के पैसा आगीवर जाई. २०१५ मध्ये तो निम्म्यावर गेला. हंगामात पैसा संपला की दुसऱ्या खात्यांतून उचलायचा, अगदी ठेकेदारांनी लागवडीसाठी भरलेल्या रकमेतूनही. म्हणजे पुढच्या सालाचे सूत घ्यायला ठेवलेला पैसा आजच्या विजेच्या बिलात घालायचा. ही उसनवारी थांबवण्यासाठी २०१८ मध्ये कायदा झाला आणि २०२० पासून मोठ्या आगींसाठी वेगळी रक्कम ठेवली गेली.

शेवटी नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात ३ कोटींची मर्यादा काढून टाकण्यात आली. त्यामुळे वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक मिळतील आणि दहा वर्षांत शंभर कोटींहून जास्त रोपे लागतील, असा अंदाज मांडला गेला. २०२२ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने थकबाकीचा आकडाही दिला: ४० लाख एकर, त्यातली ८० टक्क्यांहून जास्त वणव्यांमुळे. तोवर आगीनंतरच्या लागवडीची वर्षाला जेमतेम ६ टक्के गरज भागत होती.

पैसा आला, पण माल कुठे आहे? खरी अडचण येथे आहे. पाइनला भरपूर बोंडे दरवर्षी येत नाहीत. ज्या वर्षी येतात त्या वर्षी उंच झाडांवर माणसे चढवून ती काढावी लागतात, बी सुकवून शीतगृहात ठेवावे लागते. शिवाय ज्या भागाचे आणि ज्या उंचीचे बी, ते तेथेच चालते. आपल्याकडे एका लॉटचा रंग दुसऱ्या लॉटशी जुळत नाही, तसेच. त्यानंतर रोपवाटिकेत एक-दोन वर्षे जातात. म्हणजे ऑर्डर दोन वर्षे आधी द्यायची, आणि सरकारी मंजुरी मात्र एकेका वर्षाची. अशा ग्राहकाच्या भरवशावर कोणता रोपवाटिकावाला नवे शेड बांधील? म्हणून माझ्या मते या कायद्याचे खरे महत्त्व रकमेत नाही. पैसा दरवर्षी आपोआप येणार, या खात्रीत आहे. खात्री असली की समोरचा भांडवल घालतो.

लागवड करणारे मजूर बहुतेक मेक्सिको आणि ग्वाटेमालातून हंगामी परवान्यावर येतात. खडकाळ चढावर पाठीला रोपांची पिशवी बांधून, अवजाराने खड्डा करीत पुढे सरकायचे. या हिशोबात त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

इतर वाटाही आहेत. २०१३ च्या ‘रिम’ वणव्यात सुमारे २ लाख ५७ हजार एकर जळले. त्या भागासाठी २०१६ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने आपत्तीनिधीच्या स्पर्धेतून कॅलिफोर्नियाला ७ कोटी डॉलर दिले. खाजगी जमिनीवर काही कंपन्या कार्बन क्रेडिट विकून लागवडीचा पैसा उभा करतात. झाड पुढे हवेतला जो कार्बन शोषील, त्याचा हक्क आजच विकायचा. उभे पीक विकणे आपण ऐकले आहे. हे पेरलेले बी विकणे झाले. रोपे मेली किंवा पुन्हा आग लागली तर काय, हे करारात नीट पाहावे लागते.

आपल्याकडे १९३० च्या त्या कायद्यासारखी चीज म्हणजे ‘कॅम्पा’. वनजमीन धरण, खाण किंवा रस्त्यासाठी घेणारा पर्यायी लागवडीचा पैसा भरतो. २०१६ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम सोपवली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८४४ कोटी आले. नियमांप्रमाणे यातून वणवा रोखण्याची कामेही करता येतात. आपल्या पानगळीच्या जंगलात आग बहुधा जमिनीवरच्या पाचोळ्याची असते, मोहफुले आणि तेंदूपानांच्या हंगामात पुष्कळदा माणसानेच लावलेली. मोठी झाडे वाचतात, कोवळी रोपे मरतात. त्यामुळे येथे पैसा आगीनंतर मिळून फारसा उपयोग नाही. जाळरेषा काढायला आणि पहारेकऱ्यांची रोजंदारी द्यायला तो फेब्रुवारीच्या आत हाती पडावा लागतो.