आधी देव, मग घर: ख्रिस्ती पुरुषांच्या संसाराचा मागोवा

लूकच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना घातलेली एक अट आहे. आईबाप, बायकोमुले, भावंडे, इतकेच काय, स्वतःचा जीव यांच्याहून मला वर ठेवता येत नसेल, तर माझ्यामागे येता येणार नाही. नव्या करारातच पुढे पौल तीमथ्याला बजावतो की, जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. ख्रिस्ती नवऱ्याला आणि बापाला ही दोन्ही वचने एकदमच पाळायची असतात. उपदेशात ती वेगवेगळ्या रविवारी येतात, घरात मात्र रोज एकत्र भेटतात. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मराठी ख्रिस्ती पुरुषांनी ती कशी पाळली, हे पाहताना मला एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारावीशी वाटते. देवाला पहिले स्थान दिले हे ठीकच, पण त्याची किंमत कोणी मोजली, आणि मोजणारीला आधी विचारले होते का?

एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणारा उच्चवर्णीय पुरुष एका दिवसात घराबाहेर पडत असे. वारसाहक्क वाचवायला 1850 चा कायदा झाला होता, पण पत्नी वाचवायला कायदा नव्हता. सासरमाहेरची माणसे तिला घेऊन जात आणि विवाह ना धड उभा, ना मोडलेला, असा लोंबकळत राही. म्हणून 1866 मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा आला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने दूर ठेवले तर न्यायालयात जाता येई. न्यायालय दुसऱ्या बाजूला विचार करायला वर्षभराची मुदत देई, आणि तरीही नकारच आला तर विवाह संपे. कायदा रुक्ष होता, तरी त्या वर्षभराच्या मुदतीत एक माणुसकी होती. निर्णय बदलण्याचा अवकाश बाईलाही असतो, हे त्यात मान्य केलेले होते.

नीळकंठशास्त्री गोरे यांची कथा या कायद्याच्या आधीची. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित ख्रिस्ती मताचे खंडन करायला निघाला आणि 1848 मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आली खरी, पण 1853 मध्ये मुलगी झाल्यावर थोड्याच काळात ती वारली. पुढच्याच वर्षी गोरे पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेले. मुलगी, एलन लक्ष्मी, एका युरोपीय दांपत्याकडे वाढली. 1857 च्या धामधुमीत त्या घराची वाताहत झाल्यावर ती एका मिशनऱ्याच्या कुटुंबात गेली आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडला. तिथे ती इंग्रजीत भक्तिगीते लिहू लागली. हिंदुस्थानात ती परतली ती तरुणपणी. गोऱ्यांची विद्वत्ता आणि त्यांचा प्रामाणिकपणा यांबद्दल मला नितांत आदर आहे. पंडिता रमाबाईंच्या वाटेवर त्यांच्या लेखनाचा प्रकाश पडला होता. पण बाप म्हणून त्यांच्याकडे पाहिले की मन थबकते. बापाच्या सत्यशोधनाचा अर्धा भार त्या मुलीने उचलला, आणि तिला कोणी विचारले नव्हते. ती तेव्हा बोलूही शकत नव्हती.

कवी नारायण वामन टिळकांचे घर याहून कितीतरी जास्त उघडे आहे, कारण त्याचा हिशेब त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीच लिहून ठेवला. 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. त्यांना लहानग्या मुलासह, दत्तूसह, आप्तांनी पंढरपूरला नेले. पुढची वर्षे नवरा असून नसल्यासारखी गेली. विठ्ठलाच्या गावात, सोवळ्याओवळ्यात, लोकांच्या कुजबुजीत त्या राहिल्या.

टिळक तापट, लहरी, हातात पैसा न टिकणारे. पण या वर्षांतला त्यांचा एक गुण मला फार मोठा वाटतो. 1866 च्या कायद्याची वाट त्यांनाही मोकळी होती. त्यांनी ती घेतली नाही. पत्रे लिहिली, भेटायला गेले आणि वाट पाहिली. पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ आल्या तेव्हाही आपले सोवळे घेऊनच आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी ते सोसले. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्या बाईने स्वतःच्या डोक्याने सोडवला आणि कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यांच्या स्वतःच्या निर्णयाने. इफिसकरांस पत्रात नवऱ्याने पत्नीवर कसे प्रेम करावे ते सांगताना पौल ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिल्याचे उदाहरण घेतो. ते वचन लग्नात हमखास वाचले जाते. पाच वर्षे थांबून राहणे हा त्या वचनाचा एक अवघड पण खरा अर्थ असावा.

तरीही ही कथा गोड करून सांगता येत नाही. पहिल्या निर्णयात लक्ष्मीबाईंचा वाटा नव्हता. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली. ठरलेली मिळकत सोडायची म्हणजे काय, ते चुलीजवळच्या माणसाला आधी कळते. त्याआधी नगरच्या घरी अनाथ मुले येत राहिली होती. ती आणायचे टिळकांच्या मनात येई, सांभाळण्याचे काम लक्ष्मीबाईंच्या हाती. फरक इतकाच की, आता ती नुसती सोसणारी राहिली नव्हती. वाद घालत होती, नवऱ्याच्या चुका त्याला तोंडावर सांगत होती, प्लेगच्या साथीत त्याच्याबरोबर उभी राहत होती. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. ते बहुतांश लक्ष्मीबाईंनी पुरे केले आणि अखेरचा अध्याय मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, याने लिहिला. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईकडून मिळवलेल्या आठवणींतून 'स्मृतिचित्रे' हे तिचे आत्मचरित्र आले. ज्याने लहानपणी बापाविना वर्षे काढली, त्या मुलाला मोठेपणी बापाचे चरित्र लिहावेसे वाटते, यातून बापलेकांच्या नात्याबद्दल पुष्कळ कळते.

याच काळात एक वेगळे जोडपे होते, फारसे आठवले न जाणारे. गुरुबाई करमरकर 1892 मध्ये पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या. पती रेव्हरंड सुमंतराव त्याच काळात अमेरिकेत धर्मशास्त्र शिकत होते. परतल्यावर दोघांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. इथे पत्नीच्या शिक्षणावर देवाचा हक्क आहे, असे नवऱ्याने मानलेले दिसते.

महाराष्ट्राबाहेरचे एकच उदाहरण घेतो, कारण ते या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. ऑस्ट्रियातल्या सेंट राडेगुंड गावचा शेतकरी फ्रान्त्स येगरश्टेटर याने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला. पत्नी फ्रान्त्सिस्का आणि तीन लहान मुली घरी होत्या. लिंत्सच्या बिशपांनी त्याला घराचा विचार करायला सांगितले. गावानेही तेच सांगितले. पत्नीनेही आधी विनवले, पण नंतर ती त्याच्या बाजूने उभी राहिली. 9 ऑगस्ट 1943 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. विधवेला निवृत्तिवेतन मिळायला 1950 उजाडले आणि गावाचा रोष तिला बरीच वर्षे सोसावा लागला. 2007 मध्ये चर्चने त्याला धन्य घोषित केले, तेव्हा ती हयात होती. हा त्याग फ्रान्त्सचा एकट्याचा नव्हता. तो दोघांनी मिळून केला, म्हणून तो मला पेलवतो.

आजच्या मराठी ख्रिस्ती घरात धर्मांतराचे वादळ नाही. प्रश्न रोजचे आहेत. नगरकडे संध्याकाळी 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक उघडते, वसईत जपमाळेची प्रार्थना होते. पुष्कळ घरांत ही प्रार्थना आई किंवा आजी चालवते, वडील कामावरून यायचे असतात किंवा मोबाईलवर असतात. मंडळीत मात्र पुढच्या खुर्च्यांवर पुरुष. बापाने घरात प्रार्थना चालवावी असे म्हणणारे आता वाढत आहेत आणि मला ते आवडते, पण त्यातला 'कुटुंबप्रमुख' हा शब्द फार घट्ट धरला जातो. इफिसकरांस पत्रात पत्नीच्या अधीनतेच्या आधी एकमेकांच्या अधीन राहण्याची गोष्ट येते, आणि पुढे बापाला मुलांना चिडवू नये अशी ताकीद येते. घरात धाक निर्माण करण्यासाठी या पत्राचा आधार घेणाऱ्याने ही दोन वाक्ये आधी वाचावीत. कॅथलिक परंपरेत योसेफाला घरच्या पुरुषाचा आदर्श मानतात. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो उठतो, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन रातोरात मिसर देशाकडे निघतो.

विवाहापूर्वीचे शिबिर कॅथलिक धर्मप्रांतांत सक्तीचे आहे, आणि त्यात पैसा, मुले, सासर यांवर बोलले जाते. दारू हा प्रश्नही आमच्या समाजात आहे. चर्चच्या सभागृहांत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा भरतात, तिथे बसलेला नवरा हाही देवाला पहिले स्थान देणाराच असतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत वडिलांची (म्हणजे मंडळीच्या एल्डरांची) निवड होते तेव्हा तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातली पात्रता वाचली जाते. तिच्यात स्वतःचे घर नीट सांभाळता येणे हे आहे. उमेदवाराबद्दल पाळकांना विचारतात, इतर वडिलांना विचारतात. यापुढे त्याच्या पत्नीला आणि मोठ्या मुलांनाही, तो समोर नसताना, विचारले जावे.