घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील प्रवाळाचे आरोग्य : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : प्रवाळ, लवणता, अल्कता, बाष्पीभवन, वन्यजीव संरक्षण कायदा, मालवण

प्रस्तावना

जालन्यासारख्या समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावरील जिल्ह्यात पोवळे ही वस्तू परिचित आहे ती मुख्यत्वे अंगठीतील रत्न म्हणून. हे रत्न म्हणजे एका सागरी प्राण्याचा सांगाडा होय, याची जाणीव क्वचितच असते. अलीकडे घरगुती मत्स्यालयांचा छंद जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचला असून गोड्या पाण्यातील माशांबरोबरच खाऱ्या पाण्यातील जिवंत प्रवाळाचे आकर्षण निर्माण झाले आहे. प्रवाळाला कोणती परिस्थिती लागते, जालन्याच्या हवा-पाण्यात ती टिकविणे कठीण का ठरते आणि कायदा याविषयी काय सांगतो, या तीन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रवाळाची जीवनपद्धती

प्रवाळ हा नायडारिया संघातील प्राणी आहे. खडक वा वनस्पती वाटणारी ही रचना वस्तुतः असंख्य सूक्ष्म पॉलिपांची वसाहत असते. भित्तिका रचणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवले राहतात. ती प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेले अन्न यजमानाला देतात. अनुकूल प्रकाशात प्रवाळाच्या ऊर्जेचा मोठा भाग यातूनच भागतो. त्या बदल्यात शैवलांना आसरा, कार्बन डायऑक्साइड व नत्रयुक्त द्रव्ये मिळतात. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालमर्यादेपेक्षा एक ते दोन अंश सेल्सिअसने काही आठवडे वाढले, तरी हे सहजीवन तुटते. शैवले बाहेर टाकली जातात, पारदर्शक ऊतींतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही. परंतु परिस्थिती लवकर न सुधारल्यास त्याची उपासमार होते.

आवश्यक परिस्थिती

प्रवाळाच्या टाकीत सर्वसाधारणपणे पुढील मर्यादा पाळल्या जातात : तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, लवणता दर हजारी ३५ भाग, सामू ८.१ ते ८.४, अल्कता ७ ते ११ डीकेएच, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम. नायट्रेट व फॉस्फेट अत्यल्प असावेत, परंतु शून्य नसावेत; कारण शैवलांनाही पोषण लागते. तांबे मात्र अल्प प्रमाणातही घातक असते. माशांच्या रोगांवरील ताम्रयुक्त औषध प्रवाळाच्या टाकीत कधीही वापरता येत नाही.

या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचे आहे ते स्थैर्य. ८ डीकेएच अल्कता कायम राखणारी टाकी ही ७ ते ११ यांच्यात हेलकावे खाणाऱ्या टाकीपेक्षा श्रेष्ठ ठरते. वास्तविक दोन्ही टाक्या मर्यादेच्या आतच असतात. पण ज्या समुद्रात हा प्राणी उत्क्रांत झाला, तेथील पाण्याचे रसायन दिवसागणिक फारसे बदलत नाही.

अल्कतेचे मापन वारंवार का करावे, याचे कारण साध्या रसायनशास्त्रात आहे. सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो रचताना लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झाले, तर अल्कता २.८ डीकेएचने घटते. म्हणजे कॅल्शियम ४२० वरून ४०० वर आले तर ती जेमतेम पाच टक्के घट. पण त्याच वेळी ८ डीकेएच अल्कता ५.२ वर येऊन धोक्याच्या पातळीखाली जाते. केवळ कॅल्शियम मोजणाऱ्या व्यक्तीला सर्व काही ठीक वाटते आणि प्रवाळाची वाढ मात्र खुंटलेली असते.

ही दुहेरी तूट भरून काढण्याचा एक जुना मार्ग म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या निवळीतून कॅल्शियम व अल्कता ही दोन्ही, सांगाड्यात खर्च होतात त्याच प्रमाणात, मिळतात. मात्र निवळीचा सामू १२ च्या आसपास असल्याने ती थेंबाथेंबानेच, शक्यतो रात्री द्यावी लागते. पानाचा चुना येथे चालत नाही. त्याच्या शुद्धतेची शाश्वती नसते.

जालन्याच्या हवा-पाण्याचे प्रश्न

पहिला प्रश्न उष्णतेचा. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्याचे कमाल तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. टाकीच्या पृष्ठभागावर पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी थंड होते. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते. पावसाळ्यातील दमट हवेत तिचा गुण उतरतो.

थंडाव्याची ही किंमत पाण्याने मोजावी लागते. बाष्प होऊन जाते ते केवळ पाणी; मीठ टाकीतच राहते. २०० लिटरच्या टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडते असे धरल्यास पाच दिवसांत १८० लिटर पाणी उरते आणि लवणता ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाते. चार दिवसांच्या गावी जाण्यानेही प्रवाळ मरू शकतो, तो अशा रीतीने. म्हणून भर घालावी लागते ती रोज, आणि तीही गोड्या पाण्याची. खाऱ्या पाण्याची भर घातल्यास लवणता वाढतच जाते.

दुसरा प्रश्न या गोड्या पाण्याचा. जिल्ह्यातील बहुतेक कूपनलिकांचे पाणी बेसाल्टच्या खडकातून येते व ते कठीण असते. मराठवाड्यातील अनेक विहिरींत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेहून अधिक आढळते. समजा, नेमके ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेले, म्हणजे पिण्यास योग्य ठरणारे पाणी रोज ४ लिटर घातले. तीस दिवसांत टाकीत ५,४०० मिलिग्रॅम नायट्रेट जमा होते. २०० लिटरमध्ये ते लिटरला २७ मिलिग्रॅम भरते. पिण्यायोग्य पाणी आणि प्रवाळास योग्य पाणी यांतील अंतर यावरून ध्यानात यावे. यावर उपाय म्हणजे व्यस्त परासरणाने शुद्ध केलेले व आयनमुक्त पाणी. परंतु घरगुती शुद्धीकरण यंत्र शुद्ध पाण्याच्या कित्येक पट पाणी वाया घालवते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

तिसरा प्रश्न विजेचा. २७ अंश तापमानाच्या समुद्रपाण्यात लिटरला साधारण साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेवढ्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात तो आठच्या जवळपास असतो. पाणी तापले की ही मात्रा आणखी घटते. प्रवाह थांबला की प्रवाळाच्या पृष्ठभागालगतचे पाणी साचून राहते व रात्रीच्या श्वसनाने तेथील प्राणवायू संपत जातो. उन्हाळ्याच्या रात्री काही तास वीज गेल्यास उष्णता व प्राणवायूची टंचाई ही दोन्ही संकटे एकदमच येतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाच यावर किमान उपाय होय.

कायद्याची मर्यादा

येथवरची चर्चा तांत्रिक झाली. भारतात तिच्याआधी कायदेशीर प्रश्न उभा राहतो. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये भित्तिका रचणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्री पंखे यांचा समावेश करण्यात आला. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण कायम आहे. या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. ॲक्रोपोरा किंवा गोनिओपोरा यांसारखे छंदजगतात लोकप्रिय असलेले नाजूक प्रवाळ याच गटात मोडतात. दुकानात मिळते म्हणून ते बाळगणे वैध ठरत नाही. मृदू प्रवाळांच्या काही गटांचा या अनुसूचीत उल्लेख नसला, तरी लहान तुकड्यावरून गट ओळखणे जाणकारालाही अवघड जाते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने यातील एक बाब विशेष लक्षणीय आहे. प्राणिशास्त्र विभागांच्या काचेच्या कपाटांत प्रवाळाचे जुने नमुने असू शकतात. हे सांगाडे मृत असले तरी कायद्याच्या कक्षेबाहेर नसतात. त्यांची नोंद तपासणे व आवश्यक तेथे वन विभागाचे मार्गदर्शन घेणे ही विभागाची जबाबदारी ठरते.

मालवणचा धडा

महाराष्ट्राला स्वतःचे प्रवाळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. तेथे पोराइट्स, टर्बिनारिया, फेव्हाइट्स आदी प्रजातींचे प्रवाळ आढळतात. पावसाळ्यातील गोडे पाणी व गाळ सोसण्याची काही क्षमता त्यांनी मिळवली आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत खोल समुद्रात आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभित्तिका आहे. मालवणच्या प्रवाळांचे विरंजन मागील दशकात संशोधकांनी नोंदविले. एप्रिल २०२४ मध्ये चौथी जागतिक विरंजन घटना जाहीर झाली.

घरच्या टाकीत पंखा, निवळी व शुद्ध पाण्याने जे साधावे लागते, ते समुद्र विनामूल्य करीत आला आहे. टाकीत दोन अंशांची वाढ झाली तर पंखा लावता येतो. मालवणच्या समुद्राला पंखा लावता येत नाही.

निष्कर्ष

१. प्रवाळाचे आरोग्य हे एखाद्या आदर्श आकड्यापेक्षा परिस्थितीच्या स्थैर्यावर अवलंबून असते.

२. जालना जिल्ह्यात उष्णता, बाष्पीभवन, कठीण पाणी व खंडित वीज हे चार घटक परस्परांत गुंतलेले आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याचा प्रश्न वाढवितो.

३. कठीण प्रवाळ घरी बाळगणे कायद्याने निषिद्ध आहे. त्यामुळे हे ज्ञान संगोपनापेक्षा संवर्धनाच्या कामी येणेच इष्ट होय.

४. महाविद्यालयात प्रवाळाविना, केवळ कृत्रिम समुद्रपाण्याची टाकी ठेवून लवणता, अल्कता व बाष्पीभवन यांच्या दैनंदिन नोंदी विद्यार्थ्यांकडून घेता येतील. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व भूगोल या तिन्ही विभागांना उपयुक्त ठरणाऱ्या अशा प्रयोगाला मालवणच्या अभ्याससहलीची जोड दिल्यास, पोवळे हा अंगठीतील खडा नसून जिवंत प्राण्याची वास्तू आहे, हे जालन्याच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष अनुभवाने कळू शकेल.