संगणक चालतो, पण बँक उघडत नाही

वाराणसीच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांपैकी एक निवृत्त शिक्षक आमच्या शाखेचे जुने निवृत्तिवेतनधारक खातेदार. शाखेत सारे त्यांना गुरुजी म्हणतात. एके दिवशी ते जरा चिंताग्रस्त होऊन आले. “साहेब, माझा संगणक उत्तम चालतो. मग त्यावर आपली बँकच तेवढी का उघडत नाही?”

गुरुजींच्या संगणकावर विंडोज एक्सपी होती. २००१ साली आलेल्या या कार्यप्रणालीचे साहाय्य मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविले. बँकेचे संकेतस्थळ उघडू जाता ‘सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही’ असा संदेश येई. नातवाने प्रथम संगणकाची तारीख मागे नेऊन पाहिली. तेव्हा बँकेचे प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नाही, अशी नवी तक्रार सुरू झाली! मग त्याने कोठून तरी ‘एक्सपीवर चालणारा’ नवा ब्राउझर उतरवून घेतला. पान उघडले. पासवर्ड टाकण्यापूर्वी मात्र गुरुजींचे मन कचरले आणि ते थेट शाखेत आले.

कोणतीही आज्ञावली पडदा, डिस्क वा नेटवर्क यांच्याशी स्वतः बोलत नाही. ती कार्यप्रणालीकडे ठरावीक नावांनी कामे मागते. उदाहरणार्थ, संगणक सुरू होऊन किती वेळ झाला हे सांगणारी एक्सपीतील नेहमीची मोजणी सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येते. पुढे विंडोज व्हिस्टात याच कामासाठी मोठ्या मोजणीची नवी सोय आली. नवी आज्ञावली ती नावाने मागते, एक्सपीला ते नाव ठाऊक नसते आणि आज्ञावली उंबरठ्यावरच थांबते. सुरक्षित जोडणीचेही तसेच. बँकांची संकेतस्थळे आज किमान टीएलएस १.२ या पद्धतीचा आग्रह धरतात. ही पद्धत २००८ सालची. एक्सपीतील इंटरनेट एक्सप्लोररची मजल टीएलएस १.० पर्यंतच. क्रोमने एक्सपीची साथ २०१६ मध्ये सोडली, फायरफॉक्सने २०१८ मध्ये.

मग नातवाने आणलेला ब्राउझर चालला कसा? आज्ञावलीच्या फाइलीत किमान कोणती विंडोज हवी याची नोंद असते. कोणीतरी ती बदलतो आणि एक्सपीत नसलेल्या सोयी स्वतः लिहून पुरवितो. हे काम करणारे कित्येक जण केवळ हौसेने आणि मोठ्या कौशल्याने करतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपला पासवर्ड ज्या आज्ञावलीतून जाणार, तिच्यात अनोळखी हाताने काय भरले आहे हे खातेदाराने कसे तपासावे? शिवाय ब्राउझर नवा असला तरी त्याखालची कार्यप्रणाली जुनीच राहते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली होती.

हा प्रश्न केवळ ग्राहकांच्याच घरी होता असे नाही. एटीएम हाही आतून संगणकच असतो आणि देशातील अनेक एटीएम एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने ती टप्प्याटप्प्याने, जून २०१९ पर्यंत सर्वच्या सर्व, साहाय्य चालू असलेल्या कार्यप्रणालीवर आणण्यास बँकांना बजावले. यूएसबी पोर्ट बंद करण्यासारखे उपायही त्यात होते.

“नवा संगणक घ्या” असे मी गुरुजींना सांगितले खरे, पण अडचण निराळीच निघाली. घाटावरील जुन्या मराठी घराण्यांच्या वंशावळी त्यांनी वर्षानुवर्षे त्याच संगणकावर टंकलिखित केल्या होत्या, त्याही युनिकोडपूर्व फाँटमध्ये. अशा फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. देवनागरी रूप केवळ फाँट दाखवितो. तो फाँट नसलेल्या संगणकावर आजोबा-पणजोबांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. संगणक टाकून देणे त्यांना का जमेना, ते तेव्हा उमगले.

अखेर असे ठरले: तो ब्राउझर काढून टाकायचा, इंटरनेटची जोडणी कायमची तोडायची आणि जुने यंत्र केवळ वंशावळींसाठी ठेवायचे. फाइलींच्या दोन प्रती, फाँटसह, वेगळ्या डिस्कवर घेतल्या. बँकेचा व्यवहार नातवाच्या नव्या संगणकावर, गुरुजींच्या स्वतंत्र लॉगिनने होतो. पासवर्ड टाकला नव्हता, तरी खबरदारी म्हणून बदलून घेतला.

विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आपल्या संगणकावर यांपैकी एखादी असल्यास नेटबँकिंगपूर्वी शाखेत जरूर विचारावे.

गुरुजींच्या वंशावळी आता युनिकोडमध्ये येत आहेत. रूपांतर आज्ञावली करते, पण रफार हमखास चुकतो; तो नातू हाताने दुरुस्त करतो आणि गुरुजी शेजारी बसून नावे वाचून दाखवितात.