मागचं चाक नुसतंच फिरतं तेव्हा

पाऊस लागला की सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर एक प्रकार हमखास दिसतो. चढावर मोटरसायकल अडकते, मागचं चाक जागच्या जागी गरगरतं, चिखल मागून ढकलणाऱ्याच्या तोंडावर उडतो आणि आजूबाजूचे सगळे एका सुरात ओरडतात, "रेस दे, रेस दे!" गाडी आणखी खोल रुतते. संध्याकाळी चहावर निष्कर्ष निघतो की टायर बदलायला हवा. रुंद घ्यायचा, मोठ्या ठोकळ्यांचा.

माझं म्हणणं असं की हा क्रमच उलटा आहे. पकड ही एकट्या टायरची नसते, ती टायर आणि त्या क्षणी त्याच्याखाली असलेली जमीन यांच्या जोडीची असते. म्हणून आधी हवा बघावी, मग उजव्या हाताची मूठ, आणि पैसे खर्च करायची वेळ त्यानंतर.

"नॉबी टायर टाकला की गाडी कुठेही चढते" ही समजूत सगळ्यात महागात पडते. नॉबीचे उंच, सुटे रबरी ठोकळे मऊ जमिनीत घुसतात आणि मातीला रेटा देऊन चाक पुढे ढकलतात. पण त्यासाठी मुळात घुसायला माती हवी. कातळावर किंवा ओल्या दगडावर पकड मिळते ती रबर दगडाच्या खडबडीत पृष्ठभागाला बिलगल्यामुळे. उंच ठोकळे तिथे वाकतात आणि त्यांच्यातल्या मोकळ्या जागेमुळे दगडाला टेकलेलं रबरही कमी असतं. शेवाळलेल्या दगडावर तर मधल्या बुळबुळीत थरामुळे रबर दगडापर्यंत पोहोचतच नाही. असा दगड शक्य तितका सरळ रेषेत आणि मूठ न पिळता ओलांडायचा, याला पर्याय नाही.

हे पटत नसेल तर ट्रायल्सच्या गाड्या बघा. या स्पर्धेत ओल्या खडकांवरून, ओंडक्यांवरून, ओढ्यातून पाय न टेकवता गाडी न्यायची असते. स्पेनचा टोनी बोऊ २००७ पासून सलग कितीतरी वर्षं यात जगज्जेता आहे. या गाड्यांच्या मागच्या टायरला उंच ठोकळे नसतातच. बुटके, चौकोनी, एकमेकांना खेटून बसलेले ठोकळे, मऊ रबर, लवचीक बाजू आणि हवा जेमतेम ४ ते ५ पीएसआय. एन्ड्युरो या कच्च्या वाटांवरच्या शर्यतींच्या प्रकारातही ठोकळ्यांच्या उंचीला मर्यादा आहे. एफआयएम या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार मागच्या टायरचे ठोकळे १३ मिलिमीटरपेक्षा उंच चालत नाहीत. एवढ्यावर जगातले उत्तम चालक डोंगर चढतात.

आपल्या काळ्या मातीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट गटाची चिकणमाती असते. पाणी शोषून ती फुगते आणि मिळेल त्याला चिकटते. पन्नास-शंभर मीटरमध्ये ठोकळ्यांमधल्या फटी बुजतात आणि हजारो रुपयांचा नॉबी गुळगुळीत होऊन बसतो. अशा जमिनीसाठी ठोकळे एकमेकांपासून लांब असलेला टायर हवा, म्हणजे फिरताना चिखल झटकला जातो. इथे चाक थोडं जास्त फिरवणं फायद्याचं, कारण वेगाशिवाय फटी साफ होत नाहीत. कातळावर मात्र हीच सवय अंगाशी येते. कोकणातला जांभा, घाटावरचा मुरूम, देशावरची काळी माती या तिन्हींना एकच टायर सारखा पुरा पडेल, ही अपेक्षा सोडून द्यावी.

आता हवेकडे येऊ. याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त भीती असते आणि सगळ्यात कमी प्रयोग होतात. पंक्चरवाल्याला आपण सवयीनं "मागे बत्तीस टाका" म्हणतो. डांबरी रस्त्यासाठी कंपनीनं सांगितलेला तो आकडा योग्यच असतो. कच्च्या वाटेवर तोच आकडा टायरला टणक करून टाकतो. टायर जमिनीवर जो दाब देतो, तो ढोबळमानानं आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. मागच्या चाकावर १३० किलो भार आहे असं धरलं, तर ३० पीएसआयला टेकणारा भाग साधारण ६० चौरस सेंटिमीटर भरतो. १५ पीएसआयला हिशेबानं तो दुप्पट व्हायला हवा. टायरच्या बाजू स्वतःही भार पेलत असल्यानं प्रत्यक्षात तेवढा होत नाही, पण वाढ भरपूर होते आणि ती मुख्यतः लांबीत होते. ठोकळ्यांच्या आणखी एक-दोन रांगा जमिनीला लागतात. शिवाय सैल टायर दगडावरून उडत नाही, त्याच्याभोवती वळतो.

"हवा कमी केली की ट्यूब जाते" हे अर्धसत्य आहे. जोरात दगडावर आदळलं की ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटते. पंक्चरवाला ती पाण्यात धरतो तेव्हा शेजारी शेजारी दोन छिद्रांतून बुडबुडे येतात, त्यावरून कारण लगेच कळतं. दुसरा धोका टायर रिमवर सरकण्याचा. तो सरकला की ट्यूबला ओढत नेतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. म्हणून व्हॉल्व्हवरचा छोटा नट रिमला घट्ट आवळू नये, वर टोपणाकडे सरकवून ठेवावा. मग टायर सरकू लागला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला डोळ्यांना दिसतो आणि ट्यूब फाटायच्या आत थांबता येतं. खरा उपाय रिम लॉकचा. हा टायरची कड रिमला आतून दाबून धरतो. तो बसवलेल्या हलक्या एन्ड्युरो गाड्या १२ ते १४ पीएसआयवर सहज चालतात. एक्सपल्ससारख्या दीडशे किलोच्या आसपासच्या गाडीनं रिम लॉक नसताना १८ पासून सुरुवात करावी. हिमालयनसारख्या दोनशे किलोंच्या जवळ जाणाऱ्या गाडीवर सामान असेल तर २२ ते २५ पुरे. वाट टोकदार दगडांची असेल तर दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावेत आणि वेग कमी करावा. हे आकडे सुरुवातीचे आहेत. पुढे आपली गाडी, आपलं वजन आणि आपली वाट बघून ठरवायचं. खिशात मापक आणि पिशवीत पंप नसेल, तर हवा सोडूच नये. डांबरावर आल्यावर ती परत भरावीच लागते. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि वळणावर डुलतो.

रुंद टायरचा मोहही असाच. कोरड्या भुसभुशीत वाळूत रुंदी उपयोगी पडते, कारण चाक कमी रुततं. पण वर राड्याचा पातळ थर आणि खाली घट्ट जमीन असेल, तर अरुंद टायर तो थर कापून खालपर्यंत जातो आणि रुंद टायर वरच तरंगतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, माथा गोलसर होतो आणि कडेचे ठोकळे जमिनीला लागतच नाहीत.

आणि "रेस दे". पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर चाकावर सगळ्यात जास्त गुणला जातो, म्हणून निसरड्यावर चाक सुटतं तेही याच गिअरमध्ये पटकन. दुसरा गिअर, कमी आरपीएम आणि दोन बोटांखाली अर्धा दाबलेला क्लच अशी जोडणी पुष्कळ चढांवर जास्त कामाची ठरते. चाक थोडं घसरतं तेव्हा पकड सगळ्यात जास्त असते, हे खरं. पण ते गरगरू लागलं की खालची माती खरवडून निघते, खड्डा होतो आणि चेनकडचा भाग जमिनीला टेकतो. क्लच हलका दाबून मूठ सोडली की चाक पुन्हा जमीन पकडतं. चढावर हे करायला मनाला पटत नाही, कारण थांबण्याची भीती वाटते. तरी करून बघावं.

गरगरणाऱ्या चाकाचं आणखी एक नुकसान मला जास्त टोचतं. कोकणातल्या आणि पश्चिम घाटातल्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, मातीचा थर काही सेंटिमीटरचाच असतो. पावसाळ्यातली नाजूक फुलं त्यावरच उगवतात. रत्नागिरी-राजापूरच्या अनेक सड्यांवर कातळशिल्पं कोरलेली आहेत. तिथे गाडी न्यायचीच नाही. कितीही हलक्या हातानं चालवली तरी नाही.

पकडीबद्दलची आणखी एक समजूत शरीराच्या स्थितीची. "फूटपेगवर उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली येतो" हे शिकवणारेही सांगताना ऐकलं आहे. तो खाली येत नाही. वजन सीटमधून जातं की पेगमधून, यावर गुरुत्वमध्य ठरत नाही. शरीर कुठे आहे यावर ठरतो. उभं राहिलं की तो वर जातो. उभं राहण्याचा फायदा दुसरा आहे. गुडघे आणि कोपर धक्के झेलतात आणि गाडी आपल्या पायांखाली मोकळेपणानं डोलते, त्यामुळे मागचं चाक जमिनीला धरून राहतं. पण चढ एकसारखा आणि चिकट असेल तर सीटवर मागे सरकून बसलेलं बरं. पुढचं चाक उचललं जाऊ लागलं की छाती हँडलकडे न्यायची. मागे दोन पिशव्या जास्त बांधून पकड वाढवण्याचा प्रयत्न करू नये. मागचा भार वाढतो खरा, पण पुढचं चाक हलकं होऊन गाडी वळायचंच विसरते.

टायरवर ठोकळे उंच दिसतात म्हणून तो चांगला, हाही गैरसमज. मातीत चावते ती ठोकळ्याची पुढची धार. उंची निम्मी शिल्लक असताना धार गोल झालेली असते. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर तो काढून उलटा बसवावा. मागची, अजून शाबूत असलेली धार पुढे येते आणि काही महिने मिळतात.

एवढं करूनही गाडी रुतली तर मूठ पिळण्याआधी इंजिन बंद करावं. गाडी एका बाजूला आडवी करून मागचं चाक खड्ड्याबाहेर काढावं आणि खड्डा दगडांनी भरावा. मग गाडी उभी करून इंजिन सुरू करावं आणि स्वतः बाजूला उभं राहून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडत चालत बाहेर न्यावी. चाकाला दोर गुंडाळण्याचा उपाय गावोगाव सांगतात. तो सुटून चेनमध्ये किंवा स्विंगआर्ममध्ये अडकला तर चाक जाम होतं, म्हणून मी तो सुचवणार नाही. मागून ढकलणाऱ्यानंही चाकाच्या रेषेत उभं न राहता बाजूनं ढकलावं, कारण चाकाखालचा दगड मागेच उडतो.