पाकीट नको, ताजी भाजी बरी! पण तिला पाणी कुठलं घातलंय? दिव्याच्या रुळांलगतच्या मळ्यांचा हिशेब

ठाणे : 'पाकिटातलं काही खाऊ नका' हे वाक्य आता शहरातच नाही, तर मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरही ऐकू येते. मोबाईलवर रोज एखादा व्हिडिओ येऊन पडतो. कधी प्लास्टिकचा तांदूळ, कधी मेण लावलेले सफरचंद. यातले बरेचसे खोटे किंवा अर्धवट असते. प्लास्टिकचा तांदूळ ही तर निव्वळ अफवा. पण लोकांच्या मनात बसलेला संशय खरा आहे, आणि त्याला कारणेही आहेत.

या संशयाचे रूप बघायचे असेल तर दिवा स्टेशनवर उभे राहावे. गणपती किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की दिवा-सावंतवाडी गाडीतून चाकरमानी परततात तेव्हा प्रत्येकाच्या हातात गावची पिशवी असते. घरचा तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुलं, सुकी मासळी. इथे दुकानात हे सगळे मिळते, तरी 'गावचं आहे' या दोन शब्दांवर लोक ओझे वाहतात. कोणी पिकवलं, कुठल्या शेतात, हे त्यांना माहीत असते. अन्नावर विश्वास ठेवायचा तो असाच.

गंमत अशी, की हाच माणूस संध्याकाळी स्टेशनबाहेर पालकाची जुडी घेताना एक प्रश्नही विचारत नाही. पान हिरवेगार दिसले, मुळाला ओली माती दिसली, की भाजी चांगली.

लोकलच्या खिडकीतून मात्र वेगळे चित्र दिसत आले आहे. ठाण्यापासून कल्याणकडे जाताना रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, अळू, भेंडीचे वाफे, आणि शेजारच्या नाल्यात सोडलेला पंपाचा पाईप. रेल्वेच्या मोकळ्या जागेवर झोपड्या उभ्या राहू नयेत म्हणून 'अधिक धान्य पिकवा' या जुन्या योजनेखाली ती जागा रेल्वे कर्मचाऱ्यांना भाजीसाठी दिली जायची. कल्पना वाईट नव्हती. अडचण पाण्याची. रुळांलगत विहीर कुठून येणार? जवळ होता तो नाला. हा विषय राज्य मानवी हक्क आयोगापर्यंतही गेला होता.

नाल्याच्या पाण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्याच समजून घ्यायला हव्यात.

पहिली म्हणजे घराघरांतले मैलापाणी. त्यात जुलाबाचे, काविळीचे जंतू आणि जंतांची अंडी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शेतीला सांडपाणी वापरायचेच असेल, तर एका लिटरमध्ये जंताचे एकापेक्षा जास्त अंडे नसावे. आपल्याकडचा उघडा नाला या कसोटीला उतरेल असे कोण म्हणेल? तरी या धोक्यावर घरात उपाय आहे. भाजी दोन-तीन पाण्यांतून धुवून नीट शिजवली की जंतू मरतात. खरी पंचाईत कच्च्या खाण्याची असते. आमटीवर वरून भुरभुरवलेली कोथिंबीर, मुळ्याची कोशिंबीर, वडापावची हिरवी चटणी.

दुसरी गोष्ट म्हणजे शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू. कारखान्यांचे, गॅरेजचे, भंगाराचे पाणी नाल्यात मिसळले की ते येतात. ठाणे जिल्ह्यात हे काही दूरचे नाही. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणावर 'वनशक्ती' संस्था हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. धातू मुळांतून झाडात शिरतो आणि पानात साठतो. फळभाजीपेक्षा पालेभाजीत तो सहसा जास्त सापडतो. बाहेरची माती आणि धूळ धुतल्याने जाते, पानाच्या आत गेलेला कॅडमियम जात नाही. उकळूनही नाही, मिठाच्या पाण्यानेही नाही.

आणि पान हिरवेगार म्हणजे चांगले, हा अंदाज इथे फसतो. मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते. खत न घालताही भाजी तरारून येते. ज्या चकाकीला भुलून आपण जुडी उचलतो, ती नाल्याचीच कमाई असू शकते.

कॅडमियम शरीरात काय करतो, हे जपानच्या तोयामा भागाने भोगले आहे. तिथे खाणीचे पाणी जिंझू नदीत जायचे आणि त्याच नदीवर भातशेती व्हायची. वर्षानुवर्षे तो भात खाऊन माणसांची मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ झाली. जास्त त्रास झाला तो अनेक बाळंतपणे झालेल्या बायकांना. लोकांनी आजाराला नाव दिले 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. हा प्रदूषणाचा आजार आहे, हे तिथल्या सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. दिव्याची तुलना त्या खाणीशी करता येणार नाही, आणि रुळांलगतच्या प्रत्येक जुडीत विष आहे असेही नाही. पण तपासल्याशिवाय 'काही नाही' म्हणायलाही आधार नाही. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, आणि त्याचे सुरक्षित असे कुठलेच प्रमाण नाही.

कायदा काय म्हणतो? इथेच लोकांचा संशय उलट्या दिशेला धावतो आहे हे कळते. ज्या पाकिटाला आपण शिव्या घालतो, त्यावर अन्न सुरक्षा कायदा २००६ चा पहारा आहे. चौदा आकडी परवाना क्रमांक, घटकांची यादी, साखर-मीठ-चरबीचे आकडे छापावेच लागतात. यादीत जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो पहिला. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, पाम तेल या क्रमाने लिहिले असेल, तर मुलाच्या हातात काय देतोय ते कंपनीनेच सांगितलेले असते. आपण पाठीमागची बारीक अक्षरे वाचत नाही एवढेच. याचा अर्थ पुडा चांगला असा नाही. पाड्यावरच्या दुकानात पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात आणि शेतात राबणाऱ्या घरातली पोरं भाकरीऐवजी ते खातात, हे वाईटच.

भाजीच्या जुडीला मात्र लेबल नाही. त्याच कायद्याचे कलम १८ शेतकऱ्याला आणि शेतातल्या पिकाला वगळते. शेतकऱ्याला इन्स्पेक्टरचा जाच नको म्हणून ही सूट आहे, आणि ती योग्यही आहे. बाजारात आल्यावर भाजीला नियम लागतो, पण स्टेशनबाहेरच्या टोपलीतली जुडी प्रयोगशाळेत कोण नेणार? वाफ्यावर राबणाऱ्या मजुराला दोष देण्यातही अर्थ नाही. नाल्यात घाण सोडणारा तो नाही. सांडपाणी शुद्ध करून सोडायचे काम महापालिकांचे आणि कारखान्यांचे.

मग खायचे काय? पालेभाजी सोडायची नाही. आपल्याकडे बायका-मुलींत रक्त कमी असण्याची तक्रार घरोघर आहे, तिथे पालेभाजी ताटातून काढून कसे चालेल? भाजीवालीला 'ताई, भाजी कुठली? विहिरीवरची का?' एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. ती रोजची असेल तर खरे सांगते. रोज एकच भाजी, एकाच टोपलीतून घेऊ नये. आज मेथी, उद्या दुधी, परवा मोड आलेले कडधान्य. कोथिंबीर आणि मेथी खिडकीतल्या डब्यातही येते, नळाच्या पाण्यावर.

पावसाळ्यात तर उत्तर दारात येते. मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका शेवळं, कर्टुली, भारंगी, कुर्डू घेऊन कल्याण-ठाण्याच्या बाजारात बसतात. डोंगरावरच्या या भाजीला पावसाशिवाय दुसरे पाणी नाही. मात्र टाकळा-कुर्डू शहरात नाल्याकाठीही उगवतात, तेव्हा प्रश्न तोच : आणली कुठून?

ग्रामीण तालुक्यांतल्या शेतकऱ्यासाठी यात कमाईची गोष्ट आहे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासून घेतले आणि तो कागद टोपलीशेजारी ठेवला, तर दिवा-डोंबिवलीचे गिऱ्हाईक दोन रुपये जास्त देईल. एक लक्षात ठेवावे. मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, तांबे असे बारा निकष असतात. शिसे आणि कॅडमियम त्यात नाहीत. ती तपासणी प्रयोगशाळेत वेगळी सांगून करावी लागते.

कुठल्याही खाद्यपदार्थाबद्दल शंका असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. कायद्याच्या कलम ४० नुसार साधा गिऱ्हाईकही विकत घेतलेला पदार्थ फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी घेतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. पदार्थ नियमात बसत नाही असा अहवाल आला, तर भरलेली फी परत मिळते.